विषयपत्रिकेवर विषय कसा आणावा: ग्रामसभा, मासिक सभा आणि पालिकेच्या सभेसाठी मार्गदर्शन

ग्रामसभेत ज्या विषयावर सर्वांत जास्त आवाज चढतो, तो पुढे प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, सापडतोच असे नाही. बहुतेक वेळा कारण एकच असते: तो विषयपत्रिकेवर नव्हता. पत्रिकेवर नसलेल्या विषयावर बोलणे होते, ठराव होत नाही. ठराव नसला की ग्रामसेवकाला त्या कामावर खर्च टाकता येत नाही, पंचायत समितीकडे पाठपुरावा करायला कागद नसतो आणि पुढच्या सभेत जाब विचारायला आधार राहत नाही. सभेत काय बोलायचे याची तयारी सगळेच करतात. सभेच्या तीन आठवडे आधी काय लिहून द्यायचे याची तयारी फार थोडे लोक करतात आणि निकाल तिथेच लागतो.

इथे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा विचार सविस्तर केला आहे. नगरपरिषद आणि महानगरपालिकेच्या मुदती वेगळ्या आहेत, त्या शेवटी दिल्या आहेत.

विषय कोणत्या सभेचा, हे आधी ठरवा

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सरपंच, उपसरपंच आणि सदस्य बसतात. ती महिन्यातून किमान एकदा व्हावी लागते. सदस्यांना तिची नोटीस तीन स्पष्ट दिवस आधी मिळायला हवी, विशेष सभेची एक स्पष्ट दिवस आधी. गणसंख्या, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यांच्या निम्मी; नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत पाच.

ग्रामसभा ही गावातल्या सर्व मतदारांची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी आणि विशेष ग्रामसभेची चार दिवस आधी निघते. गणसंख्या एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी कमी असेल ती. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

‘स्पष्ट दिवस’ मोजताना नोटीस बजावल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडतात. सभा 20 तारखेला असेल तर तीन स्पष्ट दिवस म्हणजे 17, 18 आणि 19. नोटीस 16 तारखेपर्यंत हाती पडलेली हवी. या मोजणीत एका दिवसाची चूक झाली तर पूर्ण सभाच आक्षेपाला मोकळी होते.

आता विषयाची वाटणी. दिवाबत्तीचे बिल, गटार उपसणे, नळजोडणी, पाणीपट्टीची थकबाकी, नमुना 8 वरची (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीतली) फेरफार नोंद, कर्मचाऱ्याचे वेतन हे रोजच्या कारभाराचे विषय मासिक सभेचे. विकास आराखडा, कामांचा प्राधान्यक्रम, योजनांच्या लाभार्थ्यांची निवड, मागच्या वर्षाचा जमाखर्च, लेखापरीक्षणातले आक्षेप हे ग्रामसभेचे. नळजोडणीचा अर्ज ग्रामसभेपुढे नेला की तिथे ‘मासिक सभेत ठेवू’ एवढेच उत्तर मिळते आणि दोन महिने जातात. उलट लाभार्थ्यांची यादी मासिक सभेतच मंजूर झाली असेल, तर तो आक्षेपाचा मुद्दा आहे आणि तो ग्रामसभेत जरूर काढावा.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा: विषय गावाचा असतो, पण अधिकार ग्रामपंचायतीचा नसतो. एसटीची फेरी, शाळेतल्या शिक्षकाची रिक्त जागा, महावितरणची लोंबकळणारी तार. यांवर ग्रामपंचायत निर्णय देऊ शकत नाही, पण शिफारशीचा ठराव करून संबंधित खात्याला पाठवू शकते. अर्जातच ‘शिफारस करण्याबाबत’ असे लिहिले की ‘हे आमच्या हातात नाही’ हा शेरा टळतो. अतिक्रमणाच्या विषयात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. गावातल्या सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम 53 खाली ग्रामपंचायतीला आहे. शासनाच्या इतर जमिनीचा प्रश्न मात्र महसूल यंत्रणेकडे, म्हणजे तहसीलदारांकडे न्यावा लागतो. अर्ज लिहिण्याआधी जागा कोणाच्या नावावर आहे ते उताऱ्यावर पाहा.

पत्रिका प्रत्यक्षात कशी तयार होते

सभा बोलावण्याचा अधिकार सरपंचाचा, त्याच्या गैरहजेरीत उपसरपंचाचा. पत्रिका लिहिण्याचे काम ग्रामसेवकाचे. 2024 मध्ये या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले, गावात मात्र अजून ग्रामसेवकच म्हणतात. दोघे बसून यादी करतात तेव्हा समोर साधारण चार ढिगारे असतात.

पहिला ठरलेल्या विषयांचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, वसुलीचा आढावा. दुसरा वरून आलेल्या परिपत्रकांचा. ‘येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा’ असे पत्र जिल्हा परिषदेकडून किंवा पंचायत समितीकडून आले की तो विषय पत्रिकेत जातोच, आणि ग्रामसभेच्या पत्रिकेतली निम्मी जागा कधीकधी अशीच भरते. तिसरा सदस्यांनी सुचवलेल्या विषयांचा. चौथा गावकऱ्यांच्या अर्जांचा.

चौथ्या ढिगाऱ्याचे काय होते ते नीट समजून घ्या. अर्ज स्वतंत्र विषय म्हणून आला तर त्यावर ठराव होतो. तो ‘आलेल्या अर्जांचे वाचन करणे’ या एका ओळीखाली गेला तर वीस अर्जांत त्याचे वाचन होते आणि ‘नोंद घेण्यात आली’ एवढ्यावर भागते. त्यामुळे अर्जात ‘माझा अर्ज सभेपुढे ठेवावा’ असे लिहू नका. ‘खालील विषय विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा’ असे लिहा. आपल्या प्रभागाच्या सदस्याने तोच विषय स्वतःच्या सहीने दिला तर तो तिसऱ्या ढिगाऱ्यात जातो आणि टिकण्याची शक्यता खूप वाढते. दोन्ही कागद द्यावेत: गावकऱ्यांचा अर्ज आणि सदस्याचे पत्र.

विषय लिहावा कसा

‘गावातील गटारांबाबत चर्चा करणे’ असा विषय लिहिला तर चर्चाच होणार. विषयाच्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: नेमकी जागा, नेमके काम आणि सभेने काय करायचे आहे ते क्रियापद. क्रियापदावर सगळे अवलंबून असते. ‘मंजुरी देणे’, ‘आराखड्यात समाविष्ट करणे’, ‘शिफारस करणे’, ‘समिती नेमणे’, ‘अहवाल मागवणे’ या प्रत्येकातून ठराव निघतो. ‘विचार करणे’ आणि ‘चर्चा करणे’ यांतून निघत नाही.

नमुना असा ठेवता येईल:

प्रति, मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत (गावाचे नाव).
विषय: दि. ___ च्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय घेण्याबाबत.
महोदय, प्रभाग क्र. 2 मधील प्राथमिक शाळा ते पाण्याची टाकी या रस्त्यालगत सुमारे 120 मीटर लांबीचे गटार उघडे असून पावसाळ्यात सांडपाणी शाळेच्या आवारात शिरते. तरी पुढील विषय विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा: ‘प्रभाग क्र. 2 मधील शाळा ते पाण्याची टाकी या रस्त्यालगत बंदिस्त गटाराचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करून त्यास प्राधान्य देणे.’
सोबत: जागेची दोन छायाचित्रे, शाळा व्यवस्थापन समितीचे पत्र, 25 मतदारांच्या सह्या.

एवढे एका पानात बसते आणि एकाच पानात बसवावे. एका अर्जात एकच विषय. गटार, दिवे आणि स्मशानभूमीची वाट एकाच अर्जात मांडली की ग्रामसेवक त्याला ‘विविध मागण्या’ असे नाव देतो आणि तीनही विषय बुडतात. आरोप वेगळ्या कागदावर, मागणी वेगळ्या कागदावर: ‘सरपंचांनी जाणूनबुजून दुर्लक्ष केले’ हे वाक्य अर्जात आले की तो कागद ठरावाचा विषय न राहता तक्रार होतो आणि तिचा मार्ग निराळा आहे.

पैसे कुठून येणार याची एक ओळ टाकता आली तर अर्जाचे वजन वाढते. वित्त आयोगाच्या निधीत बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात. 15 व्या वित्त आयोगात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, 40 टक्के मोकळा. सांडपाण्याचे काम पहिल्या भागात बसते, रस्त्याचे बसत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. विषय यांपैकी एखाद्या शीर्षात बसत असेल तर शीर्षाचे नाव घ्या. ‘निधी नाही’ हे उत्तर तिथे सहज देता येत नाही, कारण मग त्या शीर्षाचा वर्षाचा खर्च वाचून दाखवावा लागतो.

कामाची जागा खासगी असेल तर जमीनमालकाचे संमतीपत्र आधीच जोडा. मंजूर कामे अडण्याचे हे नेहमीचे कारण आहे: ठराव झाला, अंदाजपत्रक झाले आणि मोजणीच्या दिवशी शेजारी उभा राहिला.

मुदतीचे गणित

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणजे पत्रिका त्याच्याही दोन-तीन दिवस आधी तयार होते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी 12 ऑगस्टला दिलेला अर्ज पत्रिकेत जाऊ शकत नाही, कोणाची इच्छा असली तरी. 20 ते 25 जुलै हा योग्य काळ. पत्रिका छापली जाण्याच्या सुमारास एकदा कार्यालयात जाऊन विषय घेतला का ते विचारून या.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. नुसती सही पुरत नाही. आवक नोंदवहीत क्रमांक पडला नाही तर तो अर्ज कार्यालयाच्या लेखी आलेलाच नसतो. पोच मिळत नसेल तर वाद घालत बसू नका. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

वर्षाचे चक्रही लक्षात घ्या. वित्तीय वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी ठेवावी लागते. हिशेबाबाबतचे विषय त्या सभेला द्या. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. नवे काम सुचवायचे तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अर्ज हवा. मे महिन्यात मागितलेले नवे काम चालू वर्षाच्या आराखड्यात नसते. ते घुसवायचे तर आराखड्यात बदल करावा लागतो आणि ती वाट लांबची आहे.

महिलांच्या ग्रामसभेला लोक उगाच दुय्यम समजतात. पाणी, शौचालय, अंगणवाडी, दारूचा त्रास हे विषय तिथे ठरावाच्या रूपात मांडले गेले तर मुख्य ग्रामसभेपुढे ते एका माणसाचा अर्ज म्हणून येत नाहीत, गावातल्या बायकांचा ठराव म्हणून येतात. तो बाजूला ठेवणे कोणत्याही सरपंचाला जड जाते.

‘आयत्या वेळचे विषय’ या ओळीचा अर्थ

पत्रिकेच्या शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ ही ओळ असते. खरोखर अचानक उद्भवलेल्या गोष्टीसाठी ती आहे: बोअरची मोटर जळाली, पुलावरून पाणी गेले, साथ आली. परवानगी अध्यक्षाची, त्यामुळे तुमचा विषय इथे ठेवणे म्हणजे सगळे एका माणसाच्या मर्जीवर सोडणे.

दुसरा धोका त्याहून मोठा. जागेचे भाडेपट्टे, मोबाइल टॉवरचा ना-हरकत दाखला, मोठ्या खर्चाची मंजुरी हे विषय याच ओळीखाली सभा उठता उठता मंजूर झाल्याचे प्रोसिडिंगमध्ये आढळते. असा विषय आला की सदस्याने तिथेच म्हणावे: ‘हा विषय नोटिशीत नाही, पुढील सभेत रीतसर घ्यावा, आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा.’ नोंदलेला विरोध पुढे गटविकास अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयात उपयोगी पडतो, घरी जाऊन व्यक्त केलेला पडत नाही.

नोटीस निघून गेल्यावर तातडीचा विषय द्यायचाच असेल तर तो सभेच्या निदान दोन दिवस आधी लेखी द्या आणि तातडी कशामुळे आहे ते एका वाक्यात लिहा.

विषय घेतला नाही तर

नोटीस फलकावर लागली की तिचे तारखेसह छायाचित्र घ्या. विषय त्यात नसेल तर प्रथम ग्रामसेवकाला लेखी विचारा की अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या कारणाने घेतला नाही. अनेकदा कारण खरे असते: जागा ग्रामपंचायतीची नाही, किंवा तोच विषय मागच्या सभेत झाला आहे.

उत्तर आले नाही तर पंचायत समितीत विस्तार अधिकारी (पंचायत) आणि गटविकास अधिकारी यांच्याकडे अर्जाची आणि पोचेची प्रत द्या. जिल्हा परिषदेची स्थायी समिती, पंचायत समिती किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी मागणी केली तर सरपंचाला ग्रामसभा बोलवावीच लागते. म्हणूनच मोठ्या विषयात पंचायत समितीच्या सदस्यालाही प्रत द्यावी. ग्रामपंचायत सदस्यांच्या हाती आणखी एक साधन आहे: निम्म्या किंवा त्याहून जास्त सदस्यांनी लेखी मागणी केली तर मासिक सभेखेरीज विशेष सभा लावता येते. अविश्वासाचा प्रस्ताव मात्र सरपंचाकडे द्यायचाच नसतो. त्याची सूचना तहसीलदाराकडे जाते आणि सभाही तोच बोलावतो.

कागद मिळवायला माहितीचा अधिकार पुरेसा आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता ‘दि. ___ च्या सभेची नोटीस, नोटीस बजावल्याची नोंद, हजेरीपत्रक आणि विषय क्र. ___ वरील ठरावाची प्रत’ असे मागा.

सभेत आणि सभेनंतर

विषय पुकारला की सूचक आणि अनुमोदक तयार हवेत. ठरावाचा मसुदा लिहून आणा आणि तो वाचून द्या. ग्रामसेवकाला वाक्य जुळवायला लावले तर अर्थ सैल होतो. मसुद्यात काम, जागा, निधीचे शीर्ष, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, हे पाचही हवे. ठरावाचा क्रमांक त्याच वेळी विचारून घ्या.

गणसंख्या नसेल तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही, पण तिथे मूळ पत्रिकेवरचेच विषय घेता येतात. याचा फायदा-तोटा दोन्ही ओळखा: विषय पत्रिकेवर असेल तर थोड्या लोकांतही तो मंजूर होऊ शकतो, आणि तुम्हाला नको असलेला विषयही तसाच होऊ शकतो. तहकूब सभेची तारीख उठण्याआधी विचारा.

पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय येतो. तिथे झोपू नये. ठराव चुकीचा लिहिला गेला असेल, ‘मंजूर’च्या जागी ‘विचाराधीन’ आले असेल, तर दुरुस्तीची जागा तीच. इतिवृत्त कायम झाल्यावर ती ओळ बदलणे अवघड.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा (आदिवासी भागांतल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या गावांत, पाड्याला किंवा वस्तीला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. तशी ग्रामसभा झालेली असेल तर विषय आधी तिच्यापुढे न्या.

नगरपरिषद आणि महानगरपालिका

इथे नागरिकाला थेट विषय देता येत नाही. तो नगरसेवकाच्या किंवा प्रशासनाच्या मार्फत जातो. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 81 नुसार सर्वसाधारण सभेची नोटीस सात स्पष्ट दिवस आधी, विशेष सभेची तीन स्पष्ट दिवस आधी निघते. नगरसेवकाने आपला प्रस्ताव सभेच्या किमान दहा स्पष्ट दिवस आधी लेखी दिला तर तो नोटिशीत घ्यावा लागतो. सभा 25 तारखेला असेल तर प्रस्ताव 14 तारखेपर्यंत पोचला पाहिजे. एकचतुर्थांश नगरसेवकांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षाला पंधरा दिवसांच्या आत विशेष सभा बोलवावी लागते, आणि मागणीतला प्रस्ताव त्या नोटिशीत येतो.

नगरपरिषदेत विषयाबरोबर कार्यालयाची टिपणी लागते: नियम काय सांगतो, खर्च किती, तरतूद कोणत्या लेखाशीर्षात आहे. टिपणी नसलेला विषय ‘टिपणीसह पुढील सभेत’ म्हणून परत जातो. म्हणून नगरसेवकाला भेटल्यावर त्याच आठवड्यात संबंधित विभागप्रमुखालाही भेटा आणि अर्जाची प्रत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक करा.

महानगरपालिकेत पत्रिका नगरसचिव काढतो. नोटिशीत नसलेला विषय आणायचा असेल तर नगरसेवकाने सभेच्या किमान तीन स्पष्ट दिवस आधी नगरसचिवाला लेखी कळवावे लागते. खर्चाचे बहुतेक विषय आधी स्थायी समितीपुढे जातात. मुख्य सभेत भाषण होण्याची वाट पाहणाऱ्याला स्थायीत काय ठरले ते उशिरा कळते, तेव्हा लक्ष स्थायीच्या पत्रिकेवर ठेवा.

निवडून आलेली सभा अस्तित्वात नसून प्रशासक नेमलेला असेल तर सभेचे अधिकार तोच वापरतो. सूचक-अनुमोदकाचा प्रश्न तिथे उरत नाही. अर्ज थेट प्रशासकाच्या नावे द्या, विभागाची टिपणी कधी गेली याचा पाठपुरावा करा आणि ठरावाची प्रत त्याच्या क्रमांकासह मागून घ्या.